छावणीतील जैविक धोके

सजीवांपासून किंवा त्यांच्या अंशांपासून मानवी आरोग्यास पोहोचणारा अपाय म्हणजे जैविक धोका. लष्करी छावण्यांना तो नवा नाही. १८६३ च्या शाही आयोगाने भारतातील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी सुमारे ६९ असल्याचे दाखविले. बहुतेक मृत्यू रणांगणावरील नव्हते, रोगांमुळे होते. झाशी छावणीलाही लागू असलेल्या कँटोन्मेंट अधिनियम, २००६ ने रोगप्रतिबंध व लसीकरण ही मंडळाची कर्तव्ये ठरविली आहेत.

छावणीतील रुग्णालयाचा कचरा हा असाच धोका. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वापरलेली सुई पांढऱ्या, छेदरोधक पात्रातच टाकावी लागते. ती साध्या पिशवीत गेली, तर सफाई कामगारास हिपॅटायटिस-बी, हिपॅटायटिस-सी वा एचआयव्हीची बाधा होऊ शकते. पहिल्यावर लस आहे आणि ती कचरा हाताळणाऱ्यांना देणे संस्थेवर बंधनकारक आहे. उरलेल्या दोहोंवर नाही.