विडालचा अहवाल आणि वैद्याचा निर्णय

पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की आपल्या चिकित्सालयांत विडाल चाचणीचे अहवालही वाढतात. १८९६ पासून प्रचलित असलेली ही चाचणी जंतू नव्हे, प्रतिपिंडे दाखवते. पूर्वीच्या संसर्गाने वा लसीनेही ती होकारार्थी येऊ शकते. उलट टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात नकारार्थी राहू शकते.

समजा, ती टायफॉइडच्या १०० रुग्णांपैकी ७० ओळखते आणि टायफॉइड नसलेल्या १०० जणांपैकी २० जणांनाही होकार देते. तापाच्या सरसकट १०० रुग्णांत टायफॉइडचे १० असतील, तर ७ होकार खरे आणि १८ खोटे ठरतील. लक्षणे पारखून निवडलेल्या १०० जणांत ५० असतील, तर ३५ खरे आणि १० खोटे. चाचणी तीच, अर्थ मात्र आधीच्या रुग्णपरीक्षणाने बदलला.

चरकोक्त आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान यांची सांगड घालूनच निदान करावे. अहवाल हे केवळ एक साधन होय. प्रतिजैविकापूर्वी रक्ताचे कल्चर करून घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. तेही नकारार्थी आल्याने टायफॉइडची शक्यता संपत नाही. औषधविक्रेत्या बंधूंनीही केवळ विडालच्या कागदावर प्रतिजैविक देऊ नये. खोट्या होकारामागे डेंग्यू वा मलेरिया नजरेतून निसटला, तर त्याची किंमत रुग्णच मोजतो.