बारा व्होल्टची होडी

मे महिन्यात मालवणला गेलो, तेव्हा मामाची जुनी शिडाची होडी वाळूवर ओढलेली होती. 'बॅटरी नवीन आसा, मगे पंप कित्याक रडता?' मामाने भावी इंजिनिअरला विचारलं. एका रात्री समुद्रात पंप बसला आणि दोघांनी डब्याने पाणी उपसत किनारा गाठला, हे मामीने मागाहून सांगितलं.

मीटर लावला. पंप चालू असताना बॅटरीपाशी 12 व्होल्ट, पंपापाशी जेमतेम 9! आता गणित बघा. वायर घरगुती, 0.75 चौरस मिमी, वळसे घेत जाऊन-येऊन 20 मीटर. रोध 0.46 ओहम. करंट 5 अँपिअर, म्हणजे 2.3 व्होल्ट वायरीतच गडप. घरच्या 230 व्होल्टात ही घट एक टक्का, इथे एकोणीस. उरलेलं पिळून टेप मारलेल्या जोडांनी खाल्लं. टेपखाली नुसती हिरवी पूड! खारं पाणी तारांच्या फटींतून वायरीत आतपर्यंत चढतं.

मग कथिलाचा मुलामा असलेली 2.5 चौरस मिमी वायर टाकली, तळातल्या पाण्यापासून वर, काठाकाठाने. पिळलेले जोड बंद. दाबून बसवलेले लग. फ्यूजच्या जागी चक्क तार होती! फ्यूज पंपासाठी नव्हे, वायर पेटू नये म्हणून असतो; म्हणून तो बॅटरीला अगदी चिकटून बसवला.

पंपापाशी आता 11.2 व्होल्ट. जुन्या वायरीचा हातभर तुकडा हॉस्टेलवर आणलाय. सोलून बघायचा असेल तर या.