हेप्टनस्टॉलचं अष्टकोनी प्रार्थनाघर

यॉर्कशायरमधलं हेप्टनस्टॉल हे डोंगरमाथ्यावरचं छोटंसं गाव. अठराव्या शतकात इथं घरोघरी हातमाग चालत आणि लोकरी कापड विकलं जाई. गावात जुनं चर्च होतंच. पण विल्यम डार्नी नावाचा स्कॉटिश फिरस्ता या वाड्यावस्त्यांवर उपदेश करत हिंडला, त्याच्यामागे लोक जमले आणि त्यांच्या मंडळ्या झाल्या. शेजारच्या हॉवर्थचे धर्मगुरू विल्यम ग्रिमशॉ यांनी त्या सांभाळल्या. 1747 मध्ये मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली स्वतः इथं आले.

वेस्लींचं वक्तृत्व मोठं खरं; पण मंडळी टिकली ती त्यांच्या 'क्लास'मुळे. साधारण बारा जणांचा गट, त्याला एक प्रमुख, आठवड्यातून एकदा बैठक. ही पद्धत निघाली 1742 मध्ये ब्रिस्टलला, तीही इमारतीचं कर्ज फेडण्यासाठी. दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची असं ठरलं. वसुलीला घरोघर जाणाऱ्याला कोण आजारी आहे, कोण दारूकडे वळलं, कोणाच्या घरी भांडण आहे हे आपोआप कळू लागलं. वेस्लींनी ते चटकन हेरलं आणि वर्गणी गोळा करणाऱ्यालाच त्या माणसांची काळजी वाहायला लावली. हिशेबातून अशी शिस्त उभी करणं हे मला त्यांच्या प्रवचनांपेक्षा मोठं काम वाटतं. हेप्टनस्टॉलच्या विणकरांना ही शिस्त जमण्यासारखीही होती.

1764 मध्ये मंडळीनं स्वतःची वास्तू बांधायला घेतली, तीही अष्टकोनी. वेस्लींना हा आकार आवडे. नॉर्विचचं अष्टकोनी प्रार्थनागृह त्यांनी 1757 मध्ये पाहिलं होतं. अशा दालनात सगळे श्रोते वक्त्याच्या जवळ बसतात. शिवाय वास्तू चर्चसारखी दिसत नाही, हेही सोयीचंच होतं. वेस्ली शेवटपर्यंत अँग्लिकन धर्मगुरू राहिले आणि त्यांना चर्चशी स्पर्धा करायची नव्हती. छपराचे भाग रॉदरहॅमला तयार करून लादणीच्या घोड्यांवरून डोंगर ओलांडून आणले, असं गावात सांगतात.

गर्दी वाढली तशी 1802 मध्ये एक बाजू पाडून भिंती लांबवल्या. त्यामुळे आजचा अष्टकोन ताणल्यासारखा दिसतो. कवयित्री सिल्विया प्लाथ यांची कबर पाहायला वाचक हेप्टनस्टॉलला जातात. तुम्ही गेलात तर हे प्रार्थनाघरही पाहून या.