गणित शिकविणाऱ्यांचे शिकणे

पावणेदोनला अर्ध्याने भागले असता उत्तर काय येते, हा प्रश्न दिसावयास अगदी साधा, पाचवी-सहावीच्या मुलाला सहज विचारावा असा आहे. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात ह्याच प्रश्नाच्या साहाय्याने शिक्षकांच्या ज्ञानाची जी पारख करण्यात आली, तिच्यामुळे शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना आपले अनेक पूर्वग्रह पुन्हा तपासून पाहावे लागले. ग्रंथकर्त्री लिपिंग मा ह्या मूळच्या शांघायच्या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांची रवानगी खेड्यात झाली, तेथे त्या प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या, आणि पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन केले. त्यांनी २३ अमेरिकन आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांपुढे हे उदाहरण ठेवले व दोन गोष्टी मागितल्या: एक तर उत्तर काढावे, आणि दुसरे म्हणजे हा भागाकार ज्यात खरोखर घडतो असा व्यवहारातला एखादा प्रसंग सांगावा. चिनी शिक्षकांचे उत्तर एकूण एक बरोबर आले. अमेरिकन शिक्षकांपैकी २१ जणांनी आकडेमोड करून पाहिली आणि त्यांतील ९ जणच पूर्ण व बरोबर उत्तरापर्यंत पोहोचले. प्रसंग सांगण्याच्या बाबतीत तफावत याहूनही मोठी होती. चिनी शिक्षकांपैकी ६५ जणांना तो साधला, अमेरिकन शिक्षकांपैकी केवळ एकाला.

हा प्रसंग सांगणे कठीण का जावे, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. पावणेदोन शेर तांदूळ अर्ध्या शेराच्या मापाने मोजावयास घेतले, तर तीन मापे काठोकाठ भरतात आणि चौथे निम्मे भरते, म्हणून उत्तर साडेतीन. पुष्कळ अमेरिकन शिक्षकांनी मात्र अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत सारखी वाटणी करण्याचा प्रसंग रचला. म्हणजे त्यांनी दोनने भागले आणि हा फरक त्यांच्या ध्यानातही आला नाही. मुलांची अडचण याहून निराळ्या जागी असते. एखादा हुशार मुलगा म्हणतो, "तीन मापे झाली आणि पाव शेर उरला, म्हणून सव्वातीन." ह्या मुलाचे मोजणे चोख आहे; चुकला तो इतकाच, की उरलेला तांदूळ त्याने शेरात मोजला आणि भरलेली मापे मापात मोजली. ज्या शिक्षकाला हे दिसते तो एका वाक्यात त्या मुलाला वाटेवर आणतो. ज्याला दिसत नाही तो "अपूर्णांक उलटा करून गुणावे" हा नियम फळ्यावर पुन्हा लिहितो, आणि मूल आपल्या बरोबर विचाराविषयीही कायमचे साशंक होऊन बसते. पावकी, निमकी, दिडकी आणि अडीचकी ज्यांनी लहानपणी पाठ केली त्यांच्या ओठांवर साडेतीन हे उत्तर चटकन येईल. पण ते सव्वातीन का नाही हे समजावून देण्याला निराळ्या तयारीची गरज लागते, आणि ती पाठांतरातून येत नाही.

आता ह्या दोन देशांतील शिक्षकांचे औपचारिक शिक्षण पाहिले तर कोणीही बुचकळ्यात पडावे. अमेरिकन शिक्षक पदवीधर होते, त्यांच्या शिक्षणाची एकूण वर्षे सोळा ते अठरा भरत होती. चिनी शिक्षक नवव्या इयत्तेपर्यंत शाळेत जाऊन नंतर दोन-तीन वर्षे अध्यापन विद्यालयात काढलेले. एवढीच त्यांची पुंजी. मग हे ज्ञान आले कोठून? लिपिंग मा यांनी चीनमधील नववीच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापन विद्यालयात शिकणाऱ्या भावी शिक्षकांनाही हेच प्रश्न घातले होते. आकडेमोड त्यांनाही येत होती, परंतु एका कल्पनेचा दुसरीशी असलेला संबंध ओळखून मुलाच्या मनाला रुचेल अशा रीतीने तो उलगडून दाखविण्याची शक्ती त्यांच्या ठिकाणी आढळली नाही. ती आढळली नोकरीत मुरलेल्या काही शिक्षकांपाशी. तेव्हा ती नोकरी करता करताच घडत गेली, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही.

ती घडण्याची व्यवस्थाही तेथे होती. चीनमधील शाळांत एकाच विषयाच्या शिक्षकांचे अभ्यासमंडळ असते. त्यातील शिक्षक नियमितपणे एकत्र बसतात, पाठ्यपुस्तकाचे पान पुढे ठेवून हेच उदाहरण आधी का दिले आणि ते नंतर का, संख्या ह्याच का निवडल्या, मुले कोठे अडतील, याची ओळीगणिक चर्चा करतात, एकमेकांचे तास पाहतात, आणि नवखा शिक्षक एखाद्या जाणत्या सहकाऱ्याच्या हाताखाली तयार होतो. जपानमध्ये याच जातीची प्रथा शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. तेथे चार-सहा शिक्षक मिळून एकाच पाठाची आखणी कित्येक आठवडे करतात, त्यांतला एक तो पाठ वर्गात घेतो, बाकीचे मागे व कडेला उभे राहून मुलांच्या वह्या न्याहाळतात, आणि शाळा सुटल्यावर सर्वजण पाहिलेल्या पाठाची चिकित्सा करतात. पहिलीच्या मुलांना दहाच्या पलीकडची वजाबाकी प्रथम दाखविताना तेरातून नऊ काढावयास सांगावे की बारातून तीन, हा प्रश्न अशा बैठकीत पुष्कळ वेळ घेऊ शकतो, आणि तो वेळ व्यर्थ जात नाही. बारातून तीन काढताना मूल आधी दोन काढून दहावर येते आणि मग उरलेला एक काढते. तेरातून नऊ काढताना ते दहातूनच नऊ उचलते, हाती राहिलेला एक बाजूच्या तिनात मिळविते आणि चार म्हणते. दोन्ही रीती शुद्ध आहेत, परंतु पुढे हातच्याची वजाबाकी शिकवावयाची असेल तर दुसरी अधिक उपयोगाची. संख्यांची निवड करणाऱ्या शिक्षकाने मुलाची विचार करण्याची वाटच निवडलेली असते, ही जाणीव मला ह्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की शिक्षकांना प्रशिक्षणास पाठवावे, म्हणजे गणिताचा निकाल सुधारेल. पुरावा इतका सरळ नाही. २००७ साली अमेरिकेत भाषा, गणित आणि विज्ञान ह्या विषयांतील प्रशिक्षणांविषयीच्या तेराशेहून अधिक अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा कठोर निकषांना उतरणारे अभ्यास अवघे नऊ निघाले. त्यांचा मथितार्थ असा, की चौदा तासांहून कमी मुदतीच्या प्रशिक्षणाचा मुलांच्या गुणांवर जाणवण्याजोगा परिणाम दिसत नाही. परिणाम दिसला तो भरपूर तासांच्या, सरासरीने ४९ तासांच्या, प्रशिक्षणांत. पण नुसते तास वाढवूनही भागत नाही. पुढे तेथील केंद्र सरकारनेच सातवीच्या गणित शिक्षकांसाठी अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर आणि शेकडेवारी ह्या भागावर एक मोठा प्रयोग केला. त्यात उन्हाळी शिबिर होते, वर्षभर परिसंवाद होते, वर्गात येऊन साहाय्य करणारे मार्गदर्शकही होते. पहिल्या वर्षाअखेर शिक्षकांच्या शिकविण्यात काही फरक आढळला, परंतु दुसरे वर्ष संपले तरी मुलांच्या गुणांत जाणवण्याजोगा फरक पडला नाही. आणि ज्या चीनच्या शाळांतील अभ्यासमंडळांचे वर्णन वर केले, त्याच चीनने देशव्यापी प्रशिक्षणाची जी योजना हाती घेतली, तिची गणिताच्या शिक्षकांवर रीतसर प्रयोग करून पाहणी झाली, तेव्हा मुलांच्या गणितातील प्रगतीवर तिचा काहीच परिणाम आढळला नाही. व्याख्याने तात्त्विक होती आणि वर्गात काय करावे हे त्यांतून कळत नव्हते. २०१९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. देश तोच, विषय तोच. निराळी होती ती शिकण्याची रीत.

याच्या उलट जाणारे, आणि मला फार बोलके वाटणारे, एक उदाहरण विस्कॉन्सिन राज्यातले आहे. टॉमस कार्पेंटर आणि एलिझाबेथ फेनेमा व त्यांचे सहकारी यांनी पहिलीच्या ४० शिक्षकांपैकी निम्म्यांना चार आठवड्यांच्या उन्हाळी कार्यशाळेत बोलाविले. तेथे त्यांना पाठ कसा घ्यावा याच्या सूचना देण्यात आल्या नाहीत. बेरीज-वजाबाकीची शाब्दिक उदाहरणे लहान मुले आपल्या बुद्धीने कशी सोडवितात, कोणते उदाहरण त्यांना सोपे जाते आणि दिसावयास तसेच असलेले दुसरे का अवघड जाते, एवढाच अभ्यासाचा विषय होता. पुढचे वर्षभर ह्या शिक्षकांनी मुलांना उदाहरणे घालून "तू हे कसे केलेस?" असे विचारण्यात अधिक वेळ घालविला आणि बेरजांच्या नुसत्या सरावात इतर शिक्षकांपेक्षा कमी. असे असूनही १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ह्या वर्गातील मुलांना मूलभूत बेरजा-वजाबाक्या इतरांहून अधिक चांगल्या येत होत्या. ज्यावर कमी वेळ खर्ची पडला तेच अधिक पक्के झाले, कारण मुलांना त्या संख्यांचे परस्परसंबंध दिसू लागले होते.

ही सारी उदाहरणे शेजारी मांडली म्हणजे माझ्या मनात एक गोष्ट निश्चित होते. प्रशिक्षणाचा परिणाम मुलांच्या गणितात उतरतो तो शिक्षकाची मुलाच्या वहीकडे पाहण्याची दृष्टी बदलली तर. तिसरीतल्या मुलीने बावन्नातून सत्तावीस वजा करून पस्तीस लिहिले, तर तिच्या उत्तरावर लाल फुली मारणे कोणालाही जमेल. परंतु तिने एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत असे पाहून सातातूनच दोन काढले, म्हणजे मोठ्यातून लहान काढावे हा आपल्याला शिकविलेला नियम ती प्रामाणिकपणे पाळत आहे, हे ओळखणारा शिक्षकच तिला दशकाची एक जुडी सोडून एककात मिळवावयास शिकवील. अमेरिकेत हेदर हिल, ब्रायन रोवन आणि डेबोरा बॉल यांनी २००५ साली दाखवून दिले, की गणित शिकविण्यासाठी लागणारे हे विशिष्ट ज्ञान ज्या शिक्षकांपाशी अधिक, त्यांच्या पहिलीच्या आणि तिसरीच्या मुलांची प्रगतीही अधिक.

आपल्याकडे ह्या विषयाची जाण नव्हती असे मुळीच नाही. शिक्षकांसाठी निघणारे आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानांनी संपादिलेले 'शालापत्रक' एकोणिसाव्या शतकातले आहे. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत निदान दोन-तीन महिने सेवांतर्गत शिक्षण मिळावे अशी शिफारस केली होती, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अस्तित्वात आल्या, आणि २०२० च्या धोरणाने दर शिक्षकाला वर्षाकाठी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची तजवीज केली. असे असता, 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशातील ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले तीस टक्क्यांच्या आसपासच आढळतात. बाकीच्या मुलांच्या पुढच्या साऱ्या शिक्षणावर ह्या एका उणिवेची छाया पडते. ज्याला भागाकार येत नाही त्याला गुणोत्तर समजत नाही, आणि गुणोत्तर न समजलेल्याला विज्ञानाचे दार बंद होते. हे दुःख माझ्या दृष्टीने साधे नाही.

दोष आहे तो अंमलबजावणीच्या रीतीत. राज्य पातळीवर तज्ज्ञांनी जे सांगावयाचे ते जिल्ह्याच्या सुलभकाला, त्याने तालुक्याच्या, आणि तालुक्याने शिक्षकाला, अशा उतरंडीने ज्ञान खाली येते. प्रत्येक पायरीवर गणितातले गणित गळत जाते आणि सर्वांत खाली पोहोचतो तो घोषवाक्यांचा व तक्त्यांचा भाग. हजेरीपटावर सह्या होतात, छायाचित्रे काढली जातात, अहवाल दफ्तरी दाखल होतो. अलीकडे ५० तासांचा हिशेब भ्रमणध्वनीवरील चित्रफितींनी भरून काढण्याकडे कल आहे. त्या चित्रफिती चांगल्या असतीलही, पण त्या कोणाच्या वर्गात येऊन बसत नाहीत आणि कोणत्याही मुलाची वही उघडून पाहत नाहीत. शिक्षकांची तक्रारही रास्त आहे, की ऐन सहामाहीच्या तोंडावर वर्ग उघडे टाकून प्रशिक्षणास धावावे लागते आणि परत आल्यावर कोणी विचारीत नाही की पुढे काय केलेत.

महाराष्ट्रापाशी मात्र एक साधन तयार आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथे केंद्रशाळांची योजना आली. जवळपासच्या दहाएक शाळांचे एक केंद्र, त्यावर एक केंद्रप्रमुख, आणि त्या शाळांतील शिक्षकांची नियमाने भरणारी शिक्षण परिषद. एकशिक्षकी शाळेतला शिक्षक, ज्याला चार-पाच इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात आणि ज्याचा तास पाहावयास दुसरा कोणी समव्यवसायी गावात नसतो, त्याला चीन-जपानसारखे अभ्यासमंडळ मिळू शकेल असे हे एकमेव ठिकाण. आज ह्या परिषदेचा पुष्कळसा वेळ परिपत्रकांच्या वाचनात, माहिती मागविण्यात आणि मुदतींची आठवण देण्यात जातो. ती कामे कागदाने किंवा दूरध्वनीने होण्याजोगी आहेत. त्याऐवजी परिषदेचा सबंध पूर्वार्ध एकाच पाठाला द्यावा: तिसरीची हातच्याची वजाबाकी घ्यावी, यजमान शाळेतल्या मुलांना एका शिक्षकाने ती शिकवावी, बाकीच्यांनी प्रत्येकी दोन मुलांच्या पाटीवर लक्ष ठेवावे, दुपारी त्या मुलांनी काय लिहिले ते सर्वांपुढे मांडावे, आणि पुढच्या महिन्यात तोच पाठ सुधारून दुसऱ्या शाळेत घ्यावा. जिल्हा संस्थेतील गणिताच्या अधिव्याख्यात्याने व्याख्यानासाठी न येता ह्या दुपारच्या चर्चेस यावे, आणि केंद्रप्रमुखांच्या रिक्त जागा आधी भराव्यात, कारण परिषद चालविणाराच नसेल तर ती भरणार कशी? वर्षाकाठी अशा आठ बैठका झाल्या तरी धोरणातील ५० तासांचा मोठा हिस्सा त्यातच भरून निघेल, आणि त्यासाठी वेगळी इमारत, वेगळा निधी किंवा नवा हुद्दा निर्माण करण्याची गरज पडणार नाही.