नागपुरातले आमचे पहिले दोन दिवस

रसायनीच्या आम्ही पाच मैत्रिणी. वर्षभर भिशीतून पैसे साठवले, स्वयंपाक पोरांवर सोपवला आणि कल्याणहून सेवाग्राम एक्सप्रेस धरली. पहाटे नागपूर!

पहिला दिवस दीक्षाभूमीचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथेच बाबासाहेबांनी माईसाहेबांसह महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो बांधवांना स्वतः दिली. आजचा स्तूप खुला झाला तो २००१ साली.

आमच्यातल्या थोरल्या ताई आत जाऊन बसल्या त्या उठेचनात. त्यांचे वडील १९५६ साली गाडीभाड्याअभावी येऊ शकले नव्हते. ती रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती. बोधिवृक्षाखाली ताईंनी पदराची गाठ सोडून वडिलांचा फोटो काढला. आम्ही सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटले. शेजारी उमरेडकडच्या बाया शिदोरी सोडून बसल्या होत्या. "कुठच्या जी तुम्ही?" म्हणत त्यांनी आमच्या हातावर भाकरी-ठेचा ठेवला. ठेचा भलताच तिखट!

दुसऱ्या दिवशी कामठीचे ड्रॅगन पॅलेस पाहिले. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून १९९९ साली उभे राहिलेले. देखणे खरेच, पण ताईंचे चित्त पुन्हा दीक्षाभूमीकडेच. संध्याकाळी रिक्षा तिकडेच वळवली.