चाबूकवापराचे नियम, घोड्यांच्या शर्यतीतील

घोड्यांच्या शर्यतीत जॉकीने (घोडेस्वाराने) चाबूक केव्हा, कोठे, कसा व किती वेळा वापरावा, यांबाबत शर्यतींच्या नियामक संस्थांनी घातलेले निर्बंध. चाबकाचे दोन उपयोग मानले जातात : घोडा वाट सोडू लागल्यास वा बुजल्यास त्याला आवरून अपघात टाळणे आणि अखेरच्या टप्प्यात त्याच्याकडून अधिक वेग मिळविणे. पहिल्या उपयोगास सहसा हरकत घेतली जात नाही. बहुतेक नियम दुसऱ्यास मर्यादा घालण्यासाठी झाले आहेत.

ब्रिटनमधील चाबूक ७० सेंमी. पर्यंत लांबीचा असून आघात सौम्य व्हावा म्हणून त्याच्या टोकाकडील भागावर मऊ गादी बसविलेली असते. तो खांद्याच्या उंचीवर उगारणे, कुशीवर मारणे, फटक्यास प्रतिसाद देण्याइतका अवधी न देता पुन्हा मारणे, तसेच जिंकण्याची आशा उरलेली नसताना किंवा विजय निश्चित झाला असताना मारणे निषिद्ध आहे.

फटक्यांची निश्चित संख्या ब्रिटनमध्ये १० ऑक्टोबर २०११ पासून ठरविण्यात आली : सपाट शर्यतीत ७ व अडथळ्यांच्या शर्यतीत ८. त्यांपैकी अखेरच्या फर्लांगात (सु. २०१ मी.) किंवा शेवटच्या अडथळ्यानंतर ५ पेक्षा अधिक फटके मारण्यास मनाई होती. त्याच आठवड्यात अ‍ॅस्कट येथील चँपियन स्टेक्स ही शर्यत क्रिस्तॉफ सूमियाँ या जॉकीने जिंकली. मात्र अखेरच्या फर्लांगात त्याने सहावा फटका मारल्याने तो शिक्षेस पात्र ठरला. जॉकींच्या तीव्र विरोधामुळे अखेरच्या टप्प्याची ही अट त्याच महिन्यात काढून टाकण्यात आली.

या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती. शिक्षा जॉकीस होई. घोड्याचा क्रमांक व मालकाचे पारितोषिक मात्र कायम राही. मोठ्या शर्यतीत काही दिवसांची बंदी पत्करून विजय मिळविणे फायद्याचे ठरू शके. म्हणून २०२३ मध्ये मर्यादा अनुक्रमे ६ व ७ करण्यात आली आणि मर्यादेपेक्षा ४ किंवा अधिक फटके मारल्यास घोडाच अपात्र ठरविण्याची तरतूद झाली. हा निर्णय शर्यतीनंतर स्वतंत्र समिती चित्रफीत पाहून देते; त्याचा पैजांच्या निकालावर परिणाम होत नाही.

इतर देशांतील नियम भिन्न आहेत. नॉर्वेने १९८२ मध्येच वेगासाठी चाबूक वापरण्यास बंदी केली. ऑस्ट्रेलियात २००९ पासून गादीचा चाबूक सक्तीचा झाला. २०१५ च्या नियमानुसार अखेरच्या १०० मी. पूर्वी ५ फटक्यांची मर्यादा आली, त्यापुढील अंतरात मात्र संख्या जॉकीच्या विवेकावर सोपविण्यात आली. अमेरिकेत २०२२ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय नियमांनी ६ फटक्यांची मर्यादा घातली.

चाबकाने वेग वाढतो, या समजुतीस संशोधनाने फारसा आधार दिलेला नाही. सिडनी विद्यापीठातील संशोधकांना २०११ मध्ये असे आढळले, की घोड्यांचा सर्वाधिक वेग शर्यतीच्या अखेरीच्या ६०० ते ४०० मी. या टप्प्यात, म्हणजे चाबूक वापरला जाण्यापूर्वी होता. फटके पडत ते घोडे थकल्यावर. २०२० मध्ये ब्रिटनमधील १२६ शर्यतींच्या तुलनेत चाबकाची मुभा असलेल्या व नसलेल्या शर्यतींच्या वेळेत, तसेच घोड्यांच्या दिशानियंत्रणात लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासानुसार घोड्याच्या बाह्यत्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांची दाटी माणसाच्या त्वचेतील दाटीहून लक्षणीयरीत्या वेगळी नाही. त्यामुळे घोड्याची कातडी जाड असल्याने त्यास वेदना होत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

भारतात शर्यतींचे नियम मुंबई व पुणे येथील रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबसारख्या संस्था करतात. शिवाय प्राण्यास मारून अनावश्यक वेदना देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे. यातील ‘अनावश्यक’ या शब्दातच वादाचे मर्म आहे : संख्येची मर्यादा अतिरेक रोखते; परंतु वेगासाठी मारलेला पहिला फटका आवश्यक होता काय, या प्रश्नाचे उत्तर तीतून मिळत नाही.