अ‍ॅड्रिनलीन सुटतं कसं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. तिच्या गाभ्यातल्या क्रोमॅफिन पेशी रक्तात अ‍ॅड्रिनलीन सोडतात, आणि हे काम त्या फार शिस्तीत करतात.

गैरसमज : घाबरलो की ग्रंथी अ‍ॅड्रिनलीन बनवायला घेते.
वस्तुस्थिती : ते आधीच तयार असतं. प्रत्येक पेशीत त्याने भरलेल्या हजारो सूक्ष्म पुटिका असतात. मज्जारज्जूतून निघालेले चेतातंतू थेट या पेशींपर्यंत येऊन अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात. म्हणूनच काही सेकंदांत स्राव सुरू होतो.

गैरसमज : इशारा मिळाला की पेशी फुटून रिकामी होते.
वस्तुस्थिती : पेशी शाबूत राहते. अ‍ॅसिटिलकोलीनमुळे पेशीपटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. मग काही पुटिका पटलाला जुळतात आणि आतला ऐवज बाहेर सोडतात. विल्यम डग्लस आणि रोनाल्ड रुबिन यांनी १९६१ मध्ये मांजराच्या ग्रंथीतून कॅल्शियमविरहित द्रव खेळवून पाहिला, तेव्हा अ‍ॅसिटिलकोलीन देऊनही स्राव होईना. कॅल्शियम परत मिळताच तो सुरू झाला.

गैरसमज : बाहेर पडतं ते फक्त अ‍ॅड्रिनलीन.
वस्तुस्थिती : माणसात साधारण ८० टक्के अ‍ॅड्रिनलीन असतं, तर उरलेलं बहुतांश नॉरअ‍ॅड्रिनलीन. त्यांच्याबरोबर एटीपी आणि काही प्रथिनंही सुटतात.

गैरसमज : हे फक्त भीती किंवा रागातच घडतं.
वस्तुस्थिती : रक्तातली साखर फार घटली तरी घडतं. इन्सुलिन घेतलेल्या माणसाचं जेवण लांबलं की हात थरथरतात, छाती धडधडते. यामागे अ‍ॅड्रिनलीनचा मोठा वाटा असतो. ते यकृतातली साखर रक्तात आणतं. ही थरथर म्हणजे लगेच साखर घ्यायचा इशारा आहे, तो अंगावर काढू नये.

गैरसमज : सततच्या ताणाने ही ग्रंथी थकून जाते.
वस्तुस्थिती : ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ नावाच्या आजाराला शास्त्रीय आधार नाही. ग्रंथीच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल खरोखर कमी पडतं तो अ‍ॅडिसनचा आजार, आणि तो रक्ततपासणीत ओळखता येतो. थकवा हटत नसेल, वजन घटत असेल, त्वचा काळवंडत असेल, तर ‘ग्रंथीला ताकद देणाऱ्या’ गोळ्यांवर वेळ न दवडता डॉक्टरांना गाठावं.